गाडी विकून झाली होती, मग कंपनीने आणखी एक दिवस का घालवला?



डिलिव्हरीवरच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या एका गाडीची गोष्ट दोन मिनिटांत गुंडाळली होती. "सर, ती गोष्ट पूर्ण सांगा" असं बऱ्याच जणांनी म्हटलं. पूर्ण सांगायची तर तिच्या आधीची सांगलीतली एक गोष्टही सांगावी लागते आणि ती सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते. म्हणून व्हिडिओत टाळली. इथे दोन्ही लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

कोविडच्या आधीची गोष्ट आहे. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, शार्लटला असतो. आयटीतला माणूस, वीस वर्षं जपून गाडी चालवलेला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा जरा महागाची गाडी घ्यायची ठरवली, बीएमडब्ल्यूची एक्स३. मी त्याच सुमारास तिकडे गेलो होतो. डीलरकडे ऑर्डर देताना त्याला विचारलं गेलं, "गाडी इथून नेणार, की कारखान्यावरून?" कारखाना म्हणजे साउथ कॅरोलायना राज्यातला, ग्रीर गावाजवळचा, स्पार्टनबर्ग प्लांट. तिथे समोरच कंपनीचं परफॉर्मन्स सेंटर आहे. गाडी तिथून घेतली तर आदल्या रात्रीचं हॉटेल, सकाळी ट्रॅकवर ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण, कारखान्याची फेरी आणि मग गाडीचा ताबा असा सगळा बेत. मालकाबरोबर एक पाहुणा चालतो. त्या वर्षी यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत, फक्त तिथवर आपापल्या खर्चाने पोचायचं.

पाहुणा म्हणून खरं तर वहिनीने जायला हवं होतं. पण ती म्हणाली, "तूच जा रे, मला तो टायरांचा किंचाळण्याचा आवाज सहन होत नाही." मी खूश. माझ्याकडे भारतातलं लायसन्स होतं, आंतरराष्ट्रीय परवानाही काढून नेला होता. वहिनी आली नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आम्ही एकेरी भाड्याची गाडी घेऊन गेलो, कारण परत येताना नवी गाडी चालवत यायचं होतं. वाटेत दादाने सांगितलं की हा सगळा भाग एके काळी कापडगिरण्यांचा. ग्रीनव्हिल, स्पार्टनबर्ग, सगळीकडे सूत आणि कापड. मग गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. इचलकरंजी-सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने इथे कारखाना काढायचं जाहीर केलं आणि १९९४ च्या सप्टेंबरमध्ये पहिली गाडी बाहेर पडली. आज तिथे सुमारे ११,००० माणसं काम करतात, दिवसाला साधारण १,५०० गाड्या तयार होतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त परदेशी जातात, बऱ्याचशा चार्ल्स्टन बंदरातून. जर्मन कंपनी, पण तिच्या जगभरातल्या कारखान्यांत हा सर्वांत मोठ्यांपैकी एक.

सकाळी आधी वर्ग. मला वाटलं, आता कंपनीची जाहिरात दाखवणार. पण तासभर बोलणं झालं ते बसायचं कसं यावर! खरंच सांगतो. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. दादाने वीस वर्षं गाडी चालवली होती आणि त्याची सीट चुकीची होती. माझीही. आपण सगळे जरा आरामात, मागे रेलून बसतो आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली की पाय पुरत नाही.

मग ट्रॅक. इथे एक गंमत लक्षात घ्या. ट्रॅकवर दादाला त्याची स्वतःची गाडी दिली नाही. त्याच मॉडेलची, पण शाळेची गाडी दिली. कारण नवं इंजिन पहिले साधारण २,००० किलोमीटर जपून चालवायचं असतं, नवे ब्रेक आणि टायरही आधी थोडे घासून जागेवर यावे लागतात. स्वतःच्या नव्या गाडीची वाट लागायची भीती नाही म्हटल्यावर माणूस मोकळेपणाने शिकतो. प्रशिक्षक शेजारी बसत नाही. तो बाहेर उभा, आपल्या गाडीत वॉकीटॉकी. दोघांनी आळीपाळीने चालवायचं.

पहिला प्रकार ब्रेकचा. शंकूंच्या रांगेपर्यंत ठरलेल्या वेगाने यायचं आणि पायाने ब्रेक असा हाणायचा की जणू पॅडल मोडायचं आहे. दादाने दाबला, पण मध्येच सोडला. वॉकीटॉकीवर आवाज आला, "का सोडलात?" कारण पायाखाली पॅडल थरथरायला लागलं आणि त्याला वाटलं काहीतरी मोडलं. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय. चाक पूर्ण लॉक होऊ नये म्हणून ब्रेक सेकंदात कित्येकदा सुटतो-लागतो. चाक फिरत राहिलं तरच स्टिअरिंग ऐकतं. म्हणून पाय दाबूनच ठेवायचा आणि त्याच वेळी गाडी बाजूला वळवायची. दुसऱ्या फेरीत त्याने पाय सोडला नाही, गाडी वळली आणि शंकू वाचले. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाला, "माझ्या आधीच्या गाडीतही हे एबीएस होतं रे. दहा वर्षं. मी एकदाही वापरलं नाही, मला माहीतच नव्हतं ते कसं वाटतं."

हे वाक्य मी हॉटेलच्या कागदावर लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तिथे आणखी एक गोष्ट आकड्यांनी कळली. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतं. शाळेत शिकलो होतो, पण शंकूंच्या पलीकडे गाडी घसरत गेल्यावर ते पोटात समजतं.

मग ओल्या गोलावर. गोल डांबरी पटांगण, त्यावर सतत पाणी. आधी स्थिरता राखणारी यंत्रणा चालू ठेवून चालवायचं, मग बंद करून. चालू असताना तुम्ही कितीही आगाऊपणा करा, गाडी स्वतःच इंजिनची ताकद कमी करते, एखाद्या चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि तुम्हाला गोलात ठेवते. बंद केल्यावर मी दुसऱ्याच वळणात पूर्ण गिरकी खाल्ली. मागचं चाक घसरलं की घसरण्याच्या दिशेला स्टिअरिंग वळवायचं, पुढचं चाक घसरलं की ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग थोडं सरळ करायचं. सांगायला सोपं आहे. आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची, जिथे आदळायची भीती आहे तिथे नाही, कारण हात नजरेच्या मागे जातात. आता यावरून मी तुम्हाला "ध्येयाकडे बघा" वगैरे सांगणार नाही. ते सांगणारे बरेच आहेत. ती गोष्ट गाडी चालवताना खरी आहे, तेवढं पुरे.

शेवटी प्रशिक्षकाने आम्हाला त्याच्या शेजारी-मागे बसवून एका ताकदवान गाडीतून दोन फेऱ्या मारल्या. त्याबद्दल एवढंच सांगतो की जेवण त्यानंतर होतं आणि मी फार जेवलो नाही.

दुपारी कारखाना. फोटो काढायला बंदी. बॉडी शॉपमध्ये रोबोंच्या ठिणग्या, मग असेंब्लीच्या रांगेवर एकामागून एक गाड्या. माझं लक्ष गेलं ते या गोष्टीकडे की शेजारशेजारच्या दोन गाड्या सारख्या नव्हत्या. एक पांढरी, एक निळी, आत वेगळं लेदर, वेगळी चाकं, वेगळ्या देशासाठी. आणि प्रत्येकीचं सामान त्याच क्रमाने रांगेजवळ येत होतं. निळ्या गाडीची वेळ आली की तिचीच सीट समोर. खालून इंजिन-ॲक्सल आणि वरून बॉडी एकत्र येतात, त्या जागेला तिथे लग्न म्हणतात. दादा हसून म्हणाला, "आपल्याकडे निदान अंतरपाट तरी धरतात."

आता मुद्द्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, सर, मोठी कंपनी, पैसा आहे, करते. आमच्या पापडाच्या धंद्याशी याचा काय संबंध? थांबा. पैसा आहे म्हणून कोणी खर्च करत नाही, उलट पैसेवाले जास्त विचार करून करतात. दादाने गाडीचे पैसे ठरवलेले होते. विक्री झाली होती. डीलरचं कमिशन डीलरकडेच राहिलं, कारण ऑर्डर त्याच्यामार्फतच गेली. त्याचं नुकसान केलं असतं तर त्याने "कारखान्यावरून घेता का" असं विचारलंच नसतं. मग झालेल्या विक्रीवर एक हॉटेल, एक प्रशिक्षक आणि एक अख्खा दिवस का?

मी तिथल्या माणसांना विचारलं आणि जे बघितलं त्यावरून माझा अंदाज सांगतो. तो ट्रॅक काही डिलिव्हरीसाठी बांधलेला नाही. तिथे वर्षभर पैसे घेऊन चालवायच्या ड्रायव्हिंग शाळा चालतात. ट्रॅक आहे, गाड्या आहेत, शिकवणारे पगारावर आहेत. कारखाना तर समोरच आहे, तो दाखवायला वेगळा उभारावा लागत नाही. म्हणजे मोठा खर्च आधीच झालेला आणि रिकाम्या वेळेत त्याचा आणखी एक उपयोग. तुमच्याकडेही असा झालेला खर्च पडून आहे. दुकानाचं भाडं दुपारी दोन ते चारही चालू असतं. ब्युटी पार्लरची खुर्ची मंगळवारी सकाळी रिकामी असते. तुमचा मदतनीस सणाआधीचे पंधरा दिवस सोडले तर रोज तासभर मोबाइल बघतो.

दुसरं, मोठी खरेदी केल्यावर माणसाच्या मनात चलबिचल होते. "जास्त तर नाही गेले? दुसरी घ्यायला हवी होती का?" मनाची ही ओढाताण लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुस्तक लिहून मांडली. ओढाताण कमी करायला माणूस आपला निर्णय बरोबर होता याचे पुरावे शोधतो. त्या दिवसांत तुम्ही त्याच्याजवळ असाल तर पुरावे तुम्ही द्याल. तुम्ही गायब असाल तर शेजारी देईल आणि शेजारी काय देईल हे तुम्हाला माहीत आहे.

हे करणारी ही एकटी कंपनी नाही. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनच्या ऑटोश्टाट या आवारात काचेचे दोन मनोरे आहेत, २००० सालचे, प्रत्येकात ४०० गाड्या. तुमची गाडी यांत्रिक लिफ्टने खाली येते, चालवत आणत नाहीत, म्हणून मीटरवर शून्य. म्युनिकला बीएमडब्ल्यूचं वेल्ट २००७ मध्ये उघडलं. तिथे तुम्ही जिन्याने उतरता आणि खाली फिरत्या चकतीवर तुमची गाडी दिसते. पण मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनचं. तिथे शेव्हरलेच्या कॉर्व्हेट गाडीचा कारखाना आहे आणि जवळच कॉर्व्हेटचं राष्ट्रीय संग्रहालय. ग्राहक ऑर्डर देताना ठरावीक जादा पैसे भरून गाडी त्या संग्रहालयातून घेऊ शकतो. गाडी आतच मांडलेली असते, येणारे-जाणारे ती बघतात आणि वेळ झाली की मालक ती तिथून चालवत बाहेर काढतो. लक्षात घ्या, इथे डिलिव्हरी फुकट नाही, विकत आहे आणि लोक घेतात.

याच संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. सुदैवाने आत कोणी नव्हतं. दुसरा एखादा पडदा लावून गप्प बसला असता. यांनी तो खड्डा लोकांना दाखवला आणि बघायला गर्दी झाली. पुढे खड्डा बुजवला, पण तीन गाड्या दुरुस्त करून बाकीच्या पाच मोडक्या अवस्थेतच प्रदर्शनात ठेवल्या. आपल्याकडे मशीन बिघडून परत आलं की आपण ते मागच्या खोलीत लपवतो. बघा विचार करून.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. असे कार्यक्रम कायमचे नसतात. अमेरिकन ग्राहकाने जर्मनीला जाऊन गाडी घ्यायची, युरोपात फिरायचं आणि मग ती जहाजाने घरी यायची, अशी बीएमडब्ल्यूची योजना कित्येक दशकं चालली आणि २०२० मध्ये बंद झाली. हिशेब जुळेनासा झाला की मोठे लोक भावनेत अडकत नाहीत. तुम्हीही जे सुरू कराल त्याचा हिशेब ठेवा.

माझा हिशेब आता सांगतो. तोच जो मी टाळत होतो.

२००९ ते २०१२ मी सांगलीत घरघंटी विकत होतो, घरगुती पिठाची गिरणी. एक एचपीची मोटर, वर धान्याचा डबा, आत पाती, खाली वेगवेगळ्या जाळ्या. किंमत साधारण १४,०००. मी विक्रीत चांगला होतो, हे नम्रपणे सांगतो. एका दिवाळीत ४० मशीन विकली. डिलिव्हरी म्हणजे टेम्पोवाला आणि एक पोरगा. खोकं दारात ठेवायचं, घरातल्या पुरुषाची सही घ्यायची, पुढचं घर गाठायचं. दिवसाला दहा घरं झाली की मी खूश.

त्यातली सहा मशीन महिन्याभरात परत आली. तक्रार एकच: "मशीन खराब आहे, पीठ पडत नाही, मोटर बंद पडते." मशीन खराब नव्हतं. बायकांनी गिरणीत न्यायच्या सवयीने गहू धुऊन, नीट न वाळवता घातले होते. ओलसर धान्याने जाळी बुजते, चेंबर भरतं, मोटरवर ताण येतो आणि ती स्वतःला वाचवायला बंद होते. एबीएसच्या थरथरीसारखंच. यंत्र बरोबर वागत होतं, माणसाला वाटलं मोडलं. एकीने शेंगदाणे घातले होते, तेलाने सगळं लडबडलं. पुस्तिका खोक्यात होती. इंग्रजीत.

सहा मशीनचे टेम्पोचे जाण्या-येण्याचे ८०० प्रमाणे ४,८००. परत आलेली मशीन प्रत्येकी १,५०० कमी करून विकली, ते ९,०००. म्हणजे १३,८०० रुपये. आणि त्या सहा घरांच्या आसपास पुढे माझं एकही मशीन गेलं नाही, ते या हिशेबात नाही. उलट बाजू बघा. पोराला नीट शिकवून, दिवसाला दहाऐवजी चारच घरं करून, प्रत्येक घरी तासभर दळण करून दाखवलं असतं तर ४० घरांना दहा दिवस. तेव्हाचा त्याचा रोज ३००. तीन हजार रुपये. त्यातले चार दिवस तर तसेही लागलेच होते. म्हणजे मी अठराशे वाचवले.

सातवं मशीन परत आलं नाही. ते माझ्या मित्राच्या आईने घेतलं होतं, आम्ही त्यांना काकू म्हणतो. मुलाच्या मित्राकडून घेतलेलं परत कसं करायचं, म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. पुढे एका लग्नात भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू मशीन विकलंस रे, पण दिलं नाहीस." मी हसून वेळ मारून नेली. त्यानंतर काही महिन्यांनी दुकान बंद केलं. कारणं बरीच होती, उधारी होती, मोठ्या ब्रँडची स्पर्धा होती. वर्षानुवर्षं मी तीच सांगत आलो.

आता परत ग्रीरला. संध्याकाळ होत आलेली. काचेच्या दालनात दादाची गाडी उभी, धुतलेली, दिवे लावलेले. ताबा देणाऱ्या बाईंनी किल्ली देण्याआधी विचारलं, "रोज ही गाडी कोण चालवणार?" दादा म्हणाला, "जास्त करून बायको. मी ट्रेनने ऑफिसला जातो." त्या क्षणभर थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "मग आज त्या इथे असायला हव्या होत्या." मी खाली बघितलं.

मग त्यांनी दीड तास दिला. दादाचा फोन जोडला. आरसे, सीट, स्टिअरिंग त्याच्या मापाने लावून पहिल्या बटणावर साठवलं आणि म्हणाल्या, दुसरं बटण त्यांच्यासाठी रिकामं ठेवते. टायरची हवा कुठे बघायची, पहिले २,००० किलोमीटर इंजिन किती ताणायचं, रात्री समोरच्या गाडीवर दिवे आपोआप कसे खाली होतात, सगळं त्यांनी आधी स्वतः केलं आणि मग त्याच्याकडून करून घेतलं. एकदा तो "हो हो, समजलं" म्हणाला तर म्हणाल्या, "करून दाखवा." नाही जमलं. पुन्हा दाखवलं. आणि शेवटी एक सुचवलं: दोन-तीन आठवडे चालवून झाली की प्रश्न लिहून ठेवा आणि दोघं मिळून डीलरकडे जा, तिथे बसून सगळं पुन्हा विचारता येतं. कारण पहिल्या दिवशी माणसाला प्रश्नच पडलेले नसतात.

परतीच्या दीड तासात दादा बोलत होता आणि मी गप्प होतो. मला सारख्या त्या सह्या आठवत होत्या. ४० घरांतल्या काका, भाऊ, सासऱ्यांच्या सह्या. दळण त्यांपैकी एकाने तरी केलं असेल का?

घरी पोचलो. वहिनी बाहेर आली, गाडीत बसली, म्हणाली, "छान आहे. सीट पुढे कशी घ्यायची?" दादाने सांगितलं. "आणि मागचं दार पायाने उघडतं म्हणत होतास ना?" दादा पाय हलवत राहिला. दार उघडेना. मीही प्रयत्न केला. अंगणात आम्ही दोघं भाऊ एका गाडीच्या मागे लाथा झाडतोय आणि वहिनी हातात भाजीची पिशवी घेऊन उभी. ट्रॅकवर गिरकी खाऊन आलेली माणसं! तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः डीलरकडे गेली, तासभर बसली आणि परत येऊन तिने आम्हाला शिकवलं. पाय बंपरखाली सरळ न्यायचा आणि लगेच मागे घ्यायचा, बाजूला फिरवायचा नाही.

भारतात आल्यावर पहिल्या रविवारी मी काकूंकडे गेलो. घरघंटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती, वर फुलाफुलांचं कापड, कापडावर तांदळाचा डबा आणि देवाची जुनी कॅलेंडरं. सात वर्षं. मी डबा उतरवला, चेंबर उघडलं. आत वाळलेल्या पिठाचा दगड झाला होता. ब्रश, चमचा घेऊन तो खरवडायला अर्धा तास गेला. जाळी एक फाटली होती, गावातून नवी आणली. मग एक किलो ज्वारी घेतली. ओंजळीत घेऊन दाखवली, दाताखाली एक दाणा फोडून दाखवला: असा कट्ट आवाज आला पाहिजे, म्हणजे वाळलेली. बारीक जाळी कुठली, भरडायची कुठली, ती कशी सरकवून बसवायची. मी एकदा केलं. मग म्हटलं, काकू, आता तुम्ही करून दाखवा.

त्यांना जाळी पहिल्यांदा उलटी लागली. दुसऱ्यांदा नीट बसली. मोटर सुरू झाली, पीठ पडायला लागलं. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं.

"एवढंच होतं होय?" म्हणाल्या. "बस आता, भाकरी खाऊनच जा."